फ्लॉपीच्या उलट्या बाजूवरचा काठ

आमच्या सासूबाईंनी एका हिवाळ्यात स्वतःच्याच लुगड्याच्या काठावर तापवलेल्या पाण्यानं अंघोळ केली. पाणी मी तापवलं होतं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कधी लिहिलं नाही, कारण आमच्या घरात ते लिहायची गरजच पडली नाही. माझी धाकटी जाऊ दर सणाला ते तोंडपाठ म्हणून दाखवत आली आहे. पण यंदा त्या गोष्टीला नवं शेपूट फुटलं, तेव्हा तिच्याआधी मीच लिहून टाकते. निदान माझी फजिती माझ्या अक्षरात तरी राहील.

काठ जाळता येतो का, असं विचाराल. येतो. पवनीला आमच्या घरात तेव्हा तीन माग होते. मागाच्या डोक्यावर डॉबी नावाची लाकडी पेटी असते आणि तिच्यावर लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. प्रत्येक पट्टीला ओळीनं सोळा भोकं. भोकात खुंटी ठोकलेली असली की काठाचे तेवढे धागे वर उचलले जातात, भोक रिकामं असलं की खालीच राहतात. विणणाऱ्यानं पायानं पावडी दाबली की माळ एक पट्टी पुढे सरकते. नक्षी विणणाऱ्याला आठवत नसली तरी अडत नाही, माळेला सगळं पाठ असतं.

सासूबाईंचा असा एक स्वतःचा काठ होता, त्यांनी स्वतः बसवलेला, चौऱ्याऐंशी पट्ट्यांचा. धानाची एक लोंबी डावीकडे वाकलेली, एक उजवीकडे, आणि दोघींच्या मधून नदीसारखी नागमोडी रेघ. गावात बाकीचे लोक ठरलेले काठ विणायचे. हा काठ फक्त आमच्या घरी होता.

मी सानगडीची, धान पिकवणाऱ्या घरातली. मागाचं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मी बारावी पास होऊन आले होते आणि त्या बारावीचा ताठा असा की स्वयंपाकघरातल्या मांजरानंसुद्धा मला विचारून दूध प्यावं असं मला वाटे. त्या मुलीला मी आता ओळख देत नाही. रस्त्यात भेटली तर दुसऱ्या फुटपाथनं जाईन.

तिच्या हातात कॉम्प्युटर पडला, हे सगळं त्याचंच पाप.

आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा मामेभाऊ परदेशातून परत येताना घरगुती कॉम्प्युटर घेऊन आला होता. त्याचा जीव त्यात रमेना, म्हणून त्यानं तो यांना देऊन टाकला. आताच्यासारखा नाही हं. नुसता एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर. तो घरच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडायचा. बाजूला पावाच्या लादीएवढा फ्लॉपी ड्राइव्ह, तो सुरू झाला की गिरणीत ज्वारी घातल्यासारखा घरघरायचा. आणि फ्लॉप्या किती? एक. बाकीच्या मामेभावानं कुठे हरवल्या ते त्यालाच ठाऊक.

ज्यांनी फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ती सव्वापाच इंचाची, चौकोनी, काळी, आणि हातात धरली की पापडासारखी लवायची. वरचं काळं कव्हर म्हणजे नुसती खोळ. आत तपकिरी रंगाची पातळ गोल चकती, तिच्यावर सगळं लिहिलं जायचं. आमच्या ड्राइव्हला वाचणारं डोकं एकच होतं, त्यामुळे तो चकतीची एकच बाजू वापरी. त्या एका बाजूवर एकशे सत्तर किलोबाइट मावायचे. तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्यात अख्खं पवनी मावेल.

पवनी काही मावलं नाही. महिनाभरात मीच ती बाजू भरून टाकली. एक साप फिरवायचा खेळ, एक विमान पाडायचा खेळ, यांच्या वर्गाचे गुण, आणि माझा स्वतःचा प्रोग्राम. प्रोग्राम दोन ओळींचा होता. पहिली ओळ सांगायची की "मी हुशार आहे" असं लिही. दुसरी सांगायची, पुन्हा पहिल्या ओळीवर जा. कॉम्प्युटरला देवनागरी येत नसल्यानं ते इंग्रजी अक्षरांत यायचं आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरून वाहत राहायचा. थांबवायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी बटण बंद करायची.

बाजू भरली, आता काय? मामेभाऊ म्हणाला होता की फ्लॉपीला दुसरी बाजूही असते, ती नुसती वाया जाते. फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती खाच दिसली तरच ड्राइव्ह लिहू देतो. तशीच खाच समोरच्या कडेला कापायची, फ्लॉपी भाकरीसारखी उलटायची आणि आत घालायची, की एकाच्या दोन झाल्या! कंपनी दोन फ्लॉप्या विकते आणि आपण एकीत दोघी नांदवतो, या विचारानं मला असा आनंद झाला की कात्री शोधायलाही मी थांबले नाही. समोर सासूबाईंचा पानाचा डबा होता. त्यातला अडकित्ता उचलला आणि खच्चकन खाच पाडली.

दुपारी सासूबाईंनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि चावता चावता थांबल्या.

"काहून व, माह्या सुपारीले रबराचा वास काहून येऊन राहिला?"

"कॉम्प्युटरची सुपारी फोडली आत्याबाई, अडकित्त्यानं."

"मंग त्याले पान बी लावून दे. अन् चुना जास्त लाव, तोंड तरी भाजंल त्याचं."

धाकटी जाऊ मागावर बसली होती, ती हसताना धोटा चुकली. ती विणकरांच्याच घरातली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, शाळा चौथीपर्यंत. सासूबाई तिला शेजारी बसवून शिकवायच्या आणि मला लांबून पाहायच्या. मला त्याचा राग यायचा. लांबूनच कबूल करते.

त्या रागातूनच माझ्या डोक्यात आलं की हा लोंब्यांचा काठ आपण कॉम्प्युटरमध्ये घालायचा. खुंटी असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. जे काम करायला धाकटीला दहा वर्षं मागावर बसावं लागतं ते मी चार दुपारी टीव्हीसमोर बसून करून दाखवते! त्या वेळी बाजारात दुसऱ्याच काठाला मागणी होती, त्यामुळे लोंब्यांची माळ उतरवून माळ्यावर ठेवलेली होती. मी ती खाली काढली, मांडीवर घेतली, एकेका पट्टीवर बोट फिरवत आकडे टाइप केले आणि फ्लॉपीच्या उलट्या बाजूवर साठवले. चौऱ्याऐंशी ओळी, एका ओळीत सोळा आकडे. सगळं मिळून दीड किलोबाइटही झालं नाही. त्या बाजूवर असे शंभर काठ मावले असते. जागा रग्गड होती, अक्कल तेवढी नव्हती.

कारण चौथ्या दुपारी काम संपलं, आणि पाचव्या सकाळी मी ती माळ बंबात घातली.

थंडी मरणाची होती, लाकडं दवानं ओली झाली होती, बंब धुमसत होता. सासूबाईंना पहाटे अंघोळ लागायची. समोर कोरड्या, तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालेल्या पट्ट्या पडल्या होत्या. मी म्हटलं, आता हे जपायचं कशाला? आपण फ्लॉपीत ठेवलंय. चौऱ्याऐंशी पट्ट्या एकामागून एक आत गेल्या. खुंट्या तडतडल्या. इतका सुंदर जाळ त्या बंबात त्याआधी कधी झाला नव्हता.

सासूबाई न्हाऊन आल्या, केस पुसत उंबऱ्यावर बसल्या.

"आज पाणी बेस तपलं होतं बाई. कायच्यावर तापवलं?"

आणि मी, देवा रे, मी अभिमानानं सांगितलं!

धाकटी धावत माळ्याखाली गेली, वर पाहून परत आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. सासूबाई केस बांधून उठल्या. "चाल," म्हणाल्या. "दाखव तुह्या डब्यात माहा काठ कोठी हाये तं."

मी टीव्ही लावला, फ्लॉपी उलटी करून घातली. घरघर झाली आणि पडद्यावर ओळी आल्या. एक, शून्य, शून्य, एक. मी वळून पाहिलं ते त्यांना काहीच कळणार नाही या खात्रीनं. त्या पडद्याच्या अगदी जवळ बसल्या. त्यांना इंग्रजी आकडे येत नव्हते, पण उभी दांडी म्हणजे खुंटी हे त्यांनी न सांगता ओळखलं. ओठ हलवत त्यांनी पंधरा-वीस ओळी वाचत नेल्या आणि काचेवर बोट टेकवलं.

"हे पाह्य. इथं एक खुंटी खाल्ली तू. लोंबीचा दाणा गळला."

मी दुरुस्त केली. अजून दोन चुका निघाल्या, त्याही केल्या. शेवटची ओळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "सरक. हे मी करते." उजव्या हाताचं पहिलं बोट ताठ करून त्यांनी ती ओळ नव्यानं टाइप केली, कळा शोधत शोधत. मग मी ते पुन्हा साठवलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता याला वाळवी लागणार नाही, पाणी लागणार नाही, जाळ लागणार नाही."

"जाळ तं तू हायेस ना व घरात," त्या म्हणाल्या आणि पान लावायला गेल्या.

पंधरा दिवसांत विजेची लाइन एकदम वाढून आली, टीव्ही वाचला पण कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायनं धूर सोडला. भंडाऱ्याला नेला, नागपूरला नेला. तो पार्ट मिळत नाही, असं सगळीकडे ऐकून परत आणला. झाला तो कायमचा ठोकळा.

सासूबाईंनी मनात आणलं असतं तर तो काठ त्यांनी पुन्हा बसवला असता. त्यांच्या डोक्यात तो होताच. पण नाही. कोणी विचारलं की त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या, "मले कायले विचारता? तिच्या डब्यात हाये ना." कपडे घ्यायला आलेल्या बाईला हेच, व्याह्यांना हेच, डॉक्टरला सुद्धा हेच. माझी जिरवायची म्हणून त्यांनी स्वतःचा काठ बाराएक वर्षं तोंडातून काढला नाही. आम्ही दोघी एकाच मापाच्या हट्टी होतो, हे मला त्या गेल्यावर कळलं. गेल्या तेव्हा लोंब्यांच्या काठाचं शेवटचं धड लुगडं त्यांच्या अंगावर होतं, ते त्यांच्यासोबत गेलं. एक तुकडा धाकटीच्या गोधडीत सापडला, पण त्यातला अर्धा काठ टाक्यांखाली गेलेला आणि उरलेला विरलेला.

राहिली ती फ्लॉपी. ती मी बिस्किटाच्या डब्यात घातली आणि डबा धानाच्या ढोलीत खोल पुरून ठेवला. आमच्या सानगडीकडे जे जपायचं ते धानात पुरतात.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. भंडाऱ्याला कॉम्प्युटरचे क्लास निघाले तेव्हा मी फ्लॉपी पदरात बांधून एसटीनं गेले. तिथल्या मशीनला सव्वापाच इंची फ्लॉपी जायची, मला वाटलं झालं काम. पातेल्यावर ताटली बसली म्हणजे आतलं वरण आपलंच, अशी माझी समजूत. तिथल्या मास्तरांनी फ्लॉपी आत सरकवली. मशीन थोडं खोकलं आणि पडद्यावर पाटी आली. मास्तरांनी वाचून दाखवली, "फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही, करू का, म्हणतं." आणि त्यांचं बोट 'हो'कडे निघालं.

"फॉरमॅट म्हणजे काय करेल?"

"साफ करेल, मॅडम. कोरी करकरीत."

मी त्यांच्या हातावर अशी चापट मारली की वर्गातली सगळी मुलं मागे वळून पाहू लागली. मग त्यांनी, हात चोळत, मला नीट समजावलं. फ्लॉपी दिसायला सारखी असली तरी प्रत्येक जातीचा कॉम्प्युटर तिच्यावर आपापल्या पद्धतीनं लिहितो. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही, आणि वाचता आलं नाही की तो तिला कोरी समजतो. मी एसटीत बसून विचार करत आले. आपल्याला न कळणारी बाई रिकाम्या डोक्याची, असंच मी धाकटीला समजत नव्हते का? पण तेव्हा हा विचार मला फार वेळ सोसला नाही. वाटेतल्या थांब्यावर भजी मिळाली, ती खाल्ली आणि विसरले.

तर ही झाली जुनी गोष्ट. आता शेपूट.

यंदा दिवाळी झाल्यावर धाकटीनं जाहीर केलं की ती माग मोडणार. तीन मागांतला तो शेवटचा. गुडघे गेले तिचे, पावडी दाबली की डोळ्यांत पाणी येतं. "एक लुगडं विणीन," म्हणाली, "अन् मंग सोडीन. पण विणीन तं आत्याबाईच्या काठाचं. नाई तं कालपासूनच सोडला समजा." आणि माझ्याकडे पाहून पुढे, "तुमी शिकल्या-सवरल्या, मोठीबाई. काढा ना तुमच्या डब्यातून."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हे टोमण्याच्या सुरात बोलली नाही. म्हणून मला झोंबलं.

मी नातीला फोन केला. ती नागपूरला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. "फ्लॉपी ना? सोप्पं आहे आजी," म्हणाली आणि शनिवारी एक चपटा ड्राइव्ह घेऊन आली. मी ढोलीत कोपरापर्यंत हात घालून डबा काढला, फुंकर मारून धानाचं तूस उडवलं आणि फ्लॉपी तिच्या पुढ्यात ठेवली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"हे काय आहे?"

"फ्लॉपी."

"फ्लॉपी तर ती सेव्हच्या बटणावर असते ती ना? छोटी, कडक?"

तिचा ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपीचा. माझी सव्वापाच इंची. चहाच्या बशीत पुरणपोळी ठेवायला निघाली होती पोर. मग तिनं विचारलं, हिच्यात मावतं किती? मी ताठ बसून सांगितलं, एका बाजूला एकशे सत्तर किलोबाइट.

"आजी, मी आत्ता तुझा फोटो काढला ना, तो एकटा ठेवायला अशा चोवीस बाजू लागतील."

"माझे गाल एवढे मोठे नाहीत."

"मोठीबाईचे नसतील," धाकटी आतून म्हणाली, "पण तोंड हाये ना."

पुढच्या शनिवारी नात तयारीनं आली. नागपुरात जुने कॉम्प्युटर सांभाळणारी काही वेडी मंडळी आहेत म्हणे, त्यांच्याकडून तिनं जुन्या पीसीतला सव्वापाच इंची ड्राइव्ह मागून आणला आणि सोबत काडेपेटीएवढं एक कार्ड. ते कार्ड कुठल्या कंपनीची पद्धत वगैरे विचारत नाही. चकतीवर चुंबकाच्या ज्या खुणा असतील त्या जशाच्या तशा उतरवून घेतं, अर्थ मागाहून लावता येतो. मला ते कार्ड फार आवडलं. माणसांनीही असंच ऐकावं.

आधी सरळ बाजू घातली. घरघर झाली, तीच, गिरणीतल्या ज्वारीची. लॅपटॉपवर जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम होता, त्यात यादी उमटली. साप, विमान, वर्गाचे गुण. "आणि हे काय आहे?" म्हणत नातीनं शेवटचं नाव दाबलं. पडदा वरपासून खालपर्यंत भरून वाहू लागला. मी हुशार आहे, मी हुशार आहे, मी हुशार आहे.

धाकटी चष्मा लावून जवळ आली. नातीनं तिला वाचून दाखवलं.

"अजून थांबली नाई का व हे?" धाकटी म्हणाली.

आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारीण दाराशी येऊन पाहून गेली.

मग फ्लॉपी उलटली. आता काठ येणार. ड्राइव्ह फिरला, कार्डाचा दिवा लागला, आणि काहीच आलं नाही. नातीनं काढली, पुन्हा घातली. नाही. तिसऱ्यांदाही नाही. तिनं नागपूरला फोन लावला, बराच वेळ 'हं हं' केलं आणि ठेवला.

"आजी, घोळ तुझ्या खाचेचा आहे."

फ्लॉपीच्या मधल्या मोठ्या भोकाशेजारी मुगाएवढं एक छिद्र असतं, खोळीलाही आणि चकतीलाही. चकती फिरता फिरता दोन्ही छिद्रं समोरासमोर आली की ड्राइव्हला उजेड दिसतो आणि त्याला कळतं की एक फेरा पूर्ण झाला. आमचा जुना घरगुती ड्राइव्ह त्या छिद्राकडे बघतच नव्हता, त्यामुळे उलटी-सुलटी त्याला सारखीच. हा पीसीचा ड्राइव्ह मात्र छिद्र पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आणि फ्लॉपी उलटली की खोळीचं छिद्र भलत्याच बाजूला जातं. मी अडकित्त्यानं कड कापून दिली, पण डोळा हलवायचा राहिला. कंपनीला फसवल्याचा आनंद मला अर्ध्या आयुष्यानंतर असा वसूल झाला.

"खोळीला दुसऱ्या बाजूनं छिद्र पाडायचं," नात म्हणाली. "पण आत चकती आहे. जरा हात हलला की गेलं सगळं. दुसरी प्रत नाहीये ना?"

दुसरी प्रत. माळ हीच दुसरी प्रत होती, बाई.

धाकटी जमिनीवर पाय पसरून गुडघे चोळत होती. तिनं नुसतं म्हटलं, "राहू द्या. नसंल होत तं नसंल." त्या 'राहू द्या'नं मला जे झालं ते दर सणाच्या टोमण्यांनी कधी झालं नव्हतं. मी फ्लॉपी हातात घेऊन बसले. उलटी केली, सुलटी केली. खोळीचं छिद्र सरळ बाजूला ठीक आहे. चकती उलटी हवी आहे. मग आपण खोळ कशाला उलटतोय?

"उशी मळली की काय करतो आपण?" मी विचारलं.

"आजी, आत्ता उशी?"

"अगं, अभ्रा तोच ठेवून उशी आतल्या आत उलटतो की नाही? खोळ सरळच राहू दे. चकती काढ, उलटी कर, परत आत घाल."

नात माझ्याकडे बघत राहिली. मग फ्लॉपीकडे. मग हातानं हवेत उलटसुलट करून पाहिलं. "चालेल," म्हणाली. "आजी, हे चालेल!"

खोळीची एक कड उसवायची होती. ते काम मी कात्रीनं केलं, केसाएवढी पुढे जात. अडकित्ता अजून घरात आहे, पण त्याला मी हात लावला नाही. कड उघडली, आणि मी हात मागे घेतला. चकतीला बोटाचा डाग लागला तरी तिथलं लिहिलेलं जाऊ शकतं, असं नात बजावत होती. पण तीही पुढे होईना. शेवटी आम्ही दोघींनी धाकटीकडे पाहिलं.

ती साबणानं हात धुऊन आली, पदराला न पुसता हवेत वाळवले. पन्नास वर्षं तिनं रेशमाचा धागा बोटांच्या टोकांत धरलाय, त्याला ना घाम लागू दिला ना गाठ. तिनं चकतीची नुसती कड दोन नखांत धरली आणि कांद्याची साल निघावी तशी ती अलगद बाहेर आणली. तपकिरी, पातळ, एक ओरखडा नाही. हवेत उलटी केली, परत आत सरकवली.

"घ्या," म्हणाली. "एवढ्यासाठी बारावी कायले पाह्यजे व?"

ड्राइव्ह फिरला. दिवा लागला, विझला, लागला. नातीनं काहीतरी दाबलं. आणि पडद्यावर पहिली ओळ आली. एक, शून्य, शून्य, एक.

धाकटीचे ओठ हलायला लागले. सासूबाईंचे हलत होते अगदी तसेच. नात एक-एक ओळ वर सरकवत होती, आणि धाकटी हवेत बोटानं लोंबी काढत होती, डावीकडे वाकलेली, मग नदी, मग उजवीकडे. "दाणा हाये," ती म्हणाली. "हा बी हाये. बाई व, सगळे दाणे हायेत."

त्र्याऐंशी ओळी स्वच्छ उतरल्या. शेवटच्या ओळीवर नात थबकली. सोळा आकड्यांच्या जागी तिथे चाळीसएक आकडे होते. एक-एक-एक-एक-एक, मग शून्य, मग पुन्हा एकांची रांग.

"शेवटची ओळ खराब झाली आजी. इथे चकती गेलीय."

मी पाहिलं, आणि मला ते बोट दिसलं. उजव्या हाताचं, ताठ केलेलं. कळ नुसती टिचकी मारून सोडायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खुंटी ठोकावी तशी त्यांनी प्रत्येक कळ दाबून धरली होती, पक्की बसेपर्यंत. मी तेव्हा न बघताच साठवून टाकलं होतं.

"खराब नाही," मी म्हटलं. "ती तुझी पणजी आहे."

धाकटीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग शेवटच्या पट्टीवर काय आहे?" मी घाबरून विचारलं.

"पहिलीवर हाये तेच. हा काठ जाते तसा येते, मोठीबाई. बेचाळीस पट्ट्या जायाच्या, त्याच बेचाळीस उलट्या यायाच्या. एवढं बी ठाऊक नाई तुमाले?"

म्हणजे निम्मा काठच साठवला असता तरी पुरला असता. पाऊण किलोबाइट. मी चार दुपारी बसले होते, त्यातल्या दोन फुकट.

सुतारानं नव्या पट्ट्या करून दिल्या. खुंट्या ठोकायचं काम धाकटीनं मला दिलं आहे, शिक्षा म्हणूनच, तसं तिनं स्पष्ट सांगितलं. ती पलंगावर बसून ओळी वाचते, मी खाली बसून हातोडी चालवते. बोटाचं नख काळं झालं आहे. नातीनं तो काठ लॅपटॉपवर ठेवला, फोनवर ठेवला, आणखी कुठे कुठे पाठवला. धाकटीनं तिला शाळेची चौकटीची वही आणायला लावली आणि त्यात पेनानं उतरवून घेतलं. मागच्या आठवड्यात माळ चढवली आणि वीतभर विणून पाहिलं. लोंबी आली. डावीकडे वाकलेली, दाण्यासकट. नदीपाशी मात्र गडबड झाली, कारण मी ठोकलेल्या सात-आठ खुंट्या ढिल्या निघाल्या. म्हणून पट्ट्या पुन्हा खाली काढल्यात.

रात्री धाकटी त्या आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवते. सकाळी काढून माझ्यासमोर ओट्यावर मांडते आणि आधी विचारते, "अंघोळ झाली का तुमची?"

"झाली."

"पाणी कायच्यावर तापवलं?"

"गिझरवर बाई, गिझरवर."

मग ती मोजायला बसते. आज सकाळीही बसली. त्र्याऐंशी भरल्या. कपाळाला आठी घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी शेजारी चहा पीत बसले आहे. चौऱ्याऐंशीवी पट्टी माझ्या पदराखाली आहे. ती तिसऱ्यांदा मोजून झाली की देईन.